साडेसात टक्क्यांची साडेसाती

(अंतिम वर्ष, केमिकल)

"प्रोजेक्ट कशावर आहे गं?" फायनल इयरला हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो, की तितक्या वेळा "जेवलीस का?" असंही कुणी विचारत नसेल! कॉम्प्युटरवाली मंडळी यावर ऐटीत काहीतरी सांगतात, समोरच्याला कळत नाही आणि तो माना डोलावतो. मेकॅनिकलवाल्यांकडे निदान फिरणारं, आवाज करणारं काहीतरी असतं. आणि आम्ही? "तेलाच्या रिफायनरीतल्या टाकाऊ मालावर" एवढं म्हटलं की समोरचा माणूस नकळत एक पाऊल मागे सरकतो. त्याचं चूक नाही म्हणा. आमच्या ॲप्रनला ऑक्टोबरपासून जो वास होता, त्यावरून मेसमध्ये आमच्या टेबलावर कायम जागा रिकामी मिळायची.

आमचा ग्रुप तिघांचा. मी, दुसरा 'स्कॉलर', ज्याचं जर्नल अख्खी बॅच कॉपी करते, आणि तिसरा 'हीरो', ज्याच्याकडे बाइक आहे. बाइक नसती तर हा प्रोजेक्ट झालाच नसता, म्हणून हीरोला मी आधीच श्रेय देऊन टाकते.

विषय मात्र माझा. मी लातूरकडची. आमच्या शिवारात सोयाबीन सोडून दुसरं फारसं काही दिसत नाही. आमचं सोयाबीन अडतीवर जातं, तिथून कारखान्यात जातं आणि काही महिन्यांनी पिशवीतून तेल होऊन आमच्याच घरी परत येतं. मधल्या प्रवासात त्याचं काय काय होतं, हे बघायची मला लहानपणापासून उत्सुकता होती. थर्ड इयरच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला ते बघायला मिळालं आणि तिथेच हा विषय सापडला.

थोडक्यात सांगते. (थिअरी नको असेल त्यांनी एक परिच्छेद उडी मारावी. पण मारू नका, पुढे लागणार आहे!) सोयाबीनच्या दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल. ते हेक्झेन नावाच्या द्रावकाने धुऊन काढतात. उरते ती पेंड, ती कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. निघालेलं कच्चं तेल काळपट, वासाचं, कुणी फोडणीला घेणार नाही असं. त्यातून आधी गम काढतात, तिचं लेसिथिन होतं आणि ते पार चॉकलेटपर्यंत पोचतं. मग अल्कली घालून आम्ल मारतात, तेव्हा सोपस्टॉक निघतो, तो साबणवाल्यांकडे. मग एका खास मातीतून तेल गाळून रंग उतरवतात. आणि सगळ्यात शेवटी डिओडरायझर, म्हणजे वास घालवायचा टॉवर. २३०-२४० अंश तापमान, जवळजवळ पूर्ण निर्वात, आणि खालून वाफ. तेलातलं जे जे उडून जाण्यासारखं आहे ते वाफेबरोबर वर जातं, स्क्रबरमध्ये थंड होतं आणि खाली ड्रममध्ये जमा होतं. त्याला म्हणतात डिओडरायझर डिस्टिलेट. प्लांटवर सगळे नुसतं 'डीओडी' म्हणतात.

दिसायला तपकिरी. उन्हाळ्यात पातळ, थंडीत गोठलेल्या वनस्पती तुपासारखं. वासाबद्दल आधीच सांगितलं आहे.

आता गंमत बघा. हा टॉवर वास घालवायला बांधलेला, पण वाफेला काय कळतं वास कुठला आणि जीवनसत्त्व कुठलं? जे उडतं ते नेते. तेलातलं टोकोफेरॉल, म्हणजे 'ई' जीवनसत्त्वाचं कुटुंब, त्याचा बऱ्यापैकी हिस्सा या ड्रममध्ये येऊन पडतो. बरोबर स्टेरॉल येतात, स्क्वालीन येतं, आणि ढीगभर मोकळी फॅटी ॲसिडं. आपल्याला तेल कसं हवं? पाण्यासारखं स्वच्छ आणि बिनवासाचं. मग ते जितकं जास्त 'स्वच्छ' कराल तितकं चांगलं काहीतरी ड्रमात जाणार. आमच्याकडे करडईचं घाण्याचं तेल यायचं, त्याचा वास अख्ख्या घरभर व्हायचा आणि त्याला कुणी दोष म्हणत नसे. असो, हे माझं वैयक्तिक मत! घाण्याच्या तेलातही बाकीच्या भानगडी असतात, हे स्कॉलरने इथे लिहायला लावलं आहे.

'टाकाऊ' या शब्दाबद्दल मला तेव्हापासून जरा शंकाच वाटते. आजी लोणी कढवायची तेव्हा तळाशी उरलेल्या बेरीत साखर घालून ती कुणाला मिळणार यावर आम्हा भावंडांची मारामारी व्हायची. तुपाच्या हिशेबात बेरी म्हणजे टाकाऊच की! कोंड्याचा मांडा करणारी आपली माणसं. फरक इतकाच, की बेरीत काय आहे ते जिभेला कळतं. डीओडीत काय आहे ते जिभेला कळत नाही, (देव करो आणि कुणी चव बघू नये) त्यासाठी मोजावं लागतं. आणि मोजणं हीच आमच्या प्रोजेक्टची खरी कथा झाली. काढणं त्या मानाने सोपं होतं.

आधी काढण्याबद्दल. मोठ्या कारखान्यांत यासाठी मॉलिक्युलर डिस्टिलेशन वापरतात. आमच्या लॅबमध्ये नीट चालणारा व्हॅक्युम पंपही एकच, तोही थर्ड इयरच्या प्रॅक्टिकलला बांधलेला. मग गाइड मॅडमनी सुचवलं, युरिया वापरा. युरिया? माझ्या डोळ्यांसमोर एकदम आमच्या पडवीतलं पोतं आलं! पण खरंच, युरियाचे स्फटिक तयार होताना त्यांच्यात बारीक नळ्यांसारखी पोकळी राहते आणि सरळ साखळीचे रेणू त्या नळ्यांत जाऊन बसतात. फॅटी ॲसिड म्हणजे सरळ साखळी, ती शिरते. टोकोफेरॉल आणि स्टेरॉल अंगाने जाड, त्यांना प्रवेश नाही. चाळणच ती, फक्त रेणूंची.

शेतातलं पोतं मात्र उपयोगाचं नव्हतं. २०१५ पासून आपल्याकडच्या खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. म्हणजे तेलातून काही वेगळं काढायला जायचं आणि आपणच त्यात कडुनिंब घालायचा! मुकाट्याने लॅब ग्रेडचा डबा मागवला.

कृती अशी. डीओडी आधी अल्कोहोलातल्या पोटॅशबरोबर उकळायचं, म्हणजे उरलंसुरलं तेलही फुटून फॅटी ॲसिड होतं. हे करताना टोकोफेरॉल जळू नये म्हणून पायरोगॅलॉल घालायचं आणि वर नायट्रोजन सोडायचा. मग आम्ल घालून फॅटी ॲसिड मोकळी करायची. गरम अल्कोहोलात युरिया विरघळवून त्यात ती टाकायची आणि रात्रभर थंडीत ठेवायचं. सकाळी फ्लास्क पांढऱ्याशुभ्र स्फटिकांनी भरलेला! पहिल्या दिवशी तर आम्ही तिघं नुसते बघत उभे होतो. स्फटिक गाळून बाजूला, आणि आपल्याला हवा तो माल खालच्या द्रवात. तो हेक्झेनमध्ये घ्यायचा, पाण्याने धुवायचा, हेक्झेन उडवायचं, परत थंड करून स्टेरॉलचे स्फटिक काढायचे.

वाचायला पाच ओळी, करायला अडीच महिने. त्यातला निम्मा वेळ सेपरेटिंग फनेलसमोर गेला. पाण्याने धुताना साबणाचा अंश राहिला तर जे दुधासारखं इमल्शन होतं ते वेगळं होता होत नाही. मीठ घाला, अल्कोहोलचे थेंब टाका, देवाचं नाव घ्या! हीरोने एकदा तर फनेलसमोर उदबत्ती लावायची भाषा केली. हेक्झेनशेजारी उदबत्ती! मॅडमनी त्याला बाहेर काढलं. सगळा फ्लास्क ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचा, कारण टोकोफेरॉलला उजेड सोसत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटे, आम्ही डब्याच्या पोळ्या गरम ठेवतोय.

हिशेब असा आला: १०० ग्रॅम डीओडीतून शेवटी २७ ग्रॅम लालसर तेलकट पदार्थ हातात. आता त्यात टोकोफेरॉल किती? आणि मुळात किती होतं? हे दोन आकडे मिळाल्याशिवाय 'आम्ही काढलं' या म्हणण्याला काही अर्थ नव्हता.

हे 'ई' जीवनसत्त्व सापडलं तेच मुळी एका कमतरतेतून. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी उंदरांना शुद्ध केलेला, मोजूनमापून आहार दिला. उंदीर वाढले, पण माद्यांना पिल्लं होईनात. लेट्युसची पानं दिली, गव्हाचा अंकुर दिला, आणि पिल्लं झाली. शुद्ध करण्याच्या नादात काहीतरी निसटलं होतं. ते हातात यायला १९३६ साल उजाडलं. ग्रीक भाषेत 'टोकोस' म्हणजे अपत्यजन्म, त्यावरून टोकोफेरॉल. मला ही गोष्ट वाचताना आमचा डिओडरायझरच आठवला.

१९३८ मध्ये एमेरी आणि एंगेल या दोघांनी ते मोजायची सोपी रीत दिली. टोकोफेरॉल फेरिक लोखंडाचं फेरस करतं. फेरस लोखंडाला बायपिरिडिल भेटलं की लाल रंग येतो. रंग जितका गडद तितकं टोकोफेरॉल जास्त. लागतं काय, तर एक साधा कलरीमीटर. आमच्याकडे तोच होता. मोजलं. आकडा आला १२.४ टक्के!

पण मॅडमचा नियम असा, की एका पद्धतीने आलेला आकडा ही अफवा समजायची. दुसऱ्या पद्धतीने तोच आला तर बातमी. दुसरी पद्धत म्हणजे एचपीएलसी. ते यंत्र आमच्याकडे नाही. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत सॅम्पलमागे पैसे भरून तपासून मिळतं. तिघांच्या पॉकेटमनीची बेरीज केली आणि तीन सॅम्पल बसली. दोन मूळ डीओडीची, एक आमच्या मालाचं. बर्फाच्या डब्यात बाटल्या, डब्यावर माझी ओढणी, आणि हीरोच्या बाइकवर तीन तास. (हेल्मेट घातलं होतं, आई हे वाचणार आहे.)

एचपीएलसीत सगळा माल एका बारीक नळीतून ढकलतात आणि एकेक घटक आपापल्या वेगाने बाहेर पडतो. कागदावर डोंगर उमटतात. पहिल्यांदा अल्फाची टेकडी, मग बीटाचा दिसेल न दिसेल असा उंचवटा, त्यानंतर गॅमाचं कळसूबाई आणि शेवटी डेल्टा. सोयाबीनमध्ये गॅमाच जास्त असतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण आपल्या सॅम्पलचं कळसूबाई कागदावर वर चढताना बघणं वेगळंच. चारी डोंगरांची बेरीज: एका सॅम्पलला ७.४, दुसऱ्याला ७.६. म्हणजे साडेसात टक्के.

१२.४ कुठे आणि ७.५ कुठे! इथून आमची साडेसाती सुरू झाली.

स्कॉलर दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने एक साधी गोष्ट केली. फेरिक क्लोराइड घातलंच नाही. नुसतं डीओडी आणि बायपिरिडिल. म्हणजे लाल रंग यायचं कारणच नाही. आणि तरी आला, फिकट गुलाबी! कारण डीओडी येतं लोखंडी ड्रममधून, आणि त्यातली आम्लं ड्रमचंच लोखंड खाऊन पोटात घेऊन बसलेली असतात. १२.४ मधला जवळजवळ दोन टक्क्यांचा रंग म्हणजे टोकोफेरॉल नाहीच, ड्रम! बाकीचा फरक इतर गोष्टींचा. फेरिकचं फेरस करणारं टोकोफेरॉल एकटंच नसतं. ती पद्धत 'हे करू शकणारं जे जे आहे ते किती' एवढंच सांगते. शुद्ध तेलात ती चालून जाते, आमच्या या गोंधळात नाही. एमेरी-एंगेलला दोष नाही. त्यांनी कुठे आमचा ड्रम बघितला होता!

आता प्लांटकडे चला. ज्या रिफायनरीने आम्हाला सॅम्पल दिलं तिचं नाव लिहीत नाही. तिथले एक वरिष्ठ साहेब सुरुवातीपासून आमच्याशी फार चांगले वागले. चहा, गेटपास, सगळं. डीओडी ते एका पार्टीला विकतात आणि भाव ठरतो टोकोफेरॉलच्या टक्क्यावर. पार्टी स्वतः तपासते आणि दर वेळी सहाच्या आसपास आकडा सांगते. साहेबांना कायम संशय, की पार्टी कमी सांगते. आमचा १२.४ त्यांच्या कानावर आधीच गेला होता. डिसेंबरात रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा त्यांनी साडेसात वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"तुमचं आधी बारा आलं होतं ना?"

मी म्हटलं, "हो सर, पण ती पद्धत..."

"पद्धत मान्यताप्राप्त आहे ना? पुस्तकात आहे ना? मग बारा लिहा. कॉलेजच्या लेटरहेडवर. खोटं कुठे आहे त्यात? आलंच होतं की." आणि थोडं थांबून, अगदी सहज, "मेमध्ये आम्ही दोन ट्रेनी घेणार आहोत. तुमची नावं माझ्या डोक्यात आहेत."

परत येताना तीन किलोमीटर कुणी बोललं नाही. मग चहाच्या टपरीवर भांडण झालं. हीरो म्हणाला, बारा आलं होतं हे खरंच आहे, आपण काही बनवलेलं नाही. पद्धतीचं नाव लिहू आणि आकडा देऊ. ज्याला कळतं त्याला कळेल. स्कॉलर म्हणाला, ज्याला कळत नाही त्याच्यासाठीच तर आकडा असतो. मला दोघांचं पटत होतं, हेच वाईट. हीरोच्या घरी त्याच्या पगाराची वाट बघणारी माणसं आहेत हे मला माहीत होतं. कॅम्पसला केमिकलसाठी किती कंपन्या येतात तेही सगळ्यांना माहीत आहे. 'प्रामाणिकपणा' या विषयावर निबंध लिहायला सोपं असतं हो! समोर ट्रेनीची जागा असते तेव्हा १२.४ आणि ७.५ मधलं अंतर फार लांब दिसत नाही.

त्या रविवारी घरी फोन केला. अण्णांना सगळं सांगितलं, तर त्यांना भलताच प्रश्न पडला. "आपल्या एका क्विंटलात किती निघतंय गं ते?" मी वहीवर मांडलं. क्विंटलभर सोयाबीनमधून धरा १८ किलो तेल. प्लांटमध्ये डीओडी निघतं तेलाच्या ०.३ टक्के, म्हणजे ५४ ग्रॅम. त्याचे साडेसात टक्के म्हणजे चार ग्रॅम.

"चार ग्रॅम!" अण्णा हसले. मी म्हटलं, अण्णा, प्रौढ माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम लागतं असं अमेरिकेतलं प्रमाण आहे. चार ग्रॅम म्हणजे ते दोनशे पासष्ट-सत्तर दिवसांचं झालं. (इथेही मेख आहे. शरीर अल्फालाच धरून ठेवतं, त्यासाठी यकृतात खास प्रथिन आहे, आणि आपल्या सोयाबीनमध्ये गॅमा जास्त. म्हणून कारखान्यात गॅमा-डेल्टाचं अल्फा करून मग ते 'नैसर्गिक ई' म्हणून कॅप्सूलमध्ये भरतात. अण्णांना एवढं सांगितलं नाही.) अण्णा थोडा वेळ गप्प. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२ रुपये जाहीर झाला होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं होतं, ते आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. मग म्हणाले, "मग त्या चार ग्रॅमाचे पैसे कुणाला भेटत्यात?"

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. पण एक झालं. चार ग्रॅम मी साडेसातने काढले होते. १२.४ घातले असते तर पावणेसात ग्रॅम झाले असते आणि अण्णांनी तेही खरंच मानले असते. मला ते करवेना. बस, एवढंच कारण, फार मोठं काही नाही.

मॅडमना सांगितलं. त्या ना रागावल्या ना त्यांनी भाषण दिलं. म्हणाल्या, "दोन्ही आकडे लिहा. कुठली पद्धत काय मोजते ते लिहा. आणि फेरिकशिवाय आलेला गुलाबी रंग तर नक्की लिहा. पण मला सांगा, पार्टीचा सहा कुठून येतो? ती माणसं खोटंच बोलतात, हे तुम्ही मोजलंय का?"

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं! हीरो सॅम्पल आणायला गेला होता तेव्हा ते स्क्रबरखालून ताजं भरून घेतलं होतं. पार्टी मात्र सॅम्पल काढते यार्डातल्या ड्रममधून, आणि ते ड्रम तिथे उन्हात महिनोन्‌महिने पडलेले. प्लांटवरच्या ऑपरेटर मामांना विचारलं तर ते म्हणाले, "जुना माल वासावर कळतोय की. ताजा नाकात चढतो, जुना घशात बसतो." मामांचं नाक हे खरं तर आमच्या प्रोजेक्टमधलं तिसरं उपकरण, पण त्याचं कॅलिब्रेशन कसं करणार?

म्हणून जानेवारीत तीन बाटल्या भरल्या. पहिली तपकिरी काचेची, गळ्यापर्यंत भरलेली, वर नायट्रोजन, फ्रिजमध्ये. दुसरीही गळ्यापर्यंत, फॉइल गुंडाळलेली, पण हॉस्टेलच्या गच्चीवर. तिसरी साधी पारदर्शक, अर्धीच भरलेली, आत ड्रमच्या पत्र्याचा एक तुकडा, आणि तीही गच्चीवर. म्हणजे ड्रमचीच छोटी आवृत्ती. रेक्टर मॅडमनी दोनदा विचारलं, हे काय आहे. तिसऱ्यांदा विचारलं नाही, कारण एकदा बूच उघडून वास घेतला. पंचेचाळीस दिवस!

फेब्रुवारीच्या शेवटी परत पैसे जमवले, परत तीन तासांची बाइक. फ्रिजमधली ७.४. गच्चीवरची झाकलेली ६.९. गच्चीवरची उघडी, पत्र्यासकट, ५.९.

५.९! म्हणजे पार्टी खोटं बोलत असेलच असं नाही. ताज्यात साडेसात आणि उन्हात राहिलेल्यात सहा, दोन्ही खरं असू शकतं. यार्डातले ड्रम आणि आमचं सॅम्पल एकाच बॅचचे नव्हते, त्यामुळे हे सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण दिशा दिसली. टोकोफेरॉल स्वतः ऑक्सिजनला सामोरं जाऊन तेलाला वाचवतं, तेच तर त्याचं काम. ड्रममध्येही ते आपलं काम करत होतं, फुकट.

मार्चमध्ये साहेबांकडे गेलो. नवीन तक्ता ठेवला. त्यांनी बारा-साडेसातचा विषय काढला नाही. बराच वेळ तक्ता बघितला. मग विचारलं, "ड्रम सावलीत ठेवले तर किती राहील?" मी म्हटलं, सर, सावली, पूर्ण भरलेला ड्रम आणि आतून रंगाचा लेप, तिन्ही केलं तर झाकलेल्या बाटलीच्या जवळपास राहायला हरकत नाही, पण मोजून बघावं लागेल. ते "हं" म्हणाले. चहा आला. ट्रेनीबद्दल काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. हे लिहीपर्यंत तिकडून काही कळलेलं नाही. गेल्या आठवड्यात हीरो तिकडून गेला तेव्हा त्याला यार्डात पत्र्याची शेड दिसली, आणि मामा ड्रमवर पांढऱ्या रंगाने तारखा टाकत होते.

आमच्या मालाचा आकडा सांगायचा राहिलाच! त्या २७ ग्रॅममध्ये २२.२ टक्के. म्हणजे मुळातल्या साडेसात ग्रॅमपैकी सहा ग्रॅम हाती लागले, ८० टक्के. दीड ग्रॅम कुठे गेलं? काही युरियाच्या स्फटिकांना चिकटून, काही त्या दळभद्री इमल्शनमध्ये, आणि काही बहुतेक हवेत. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी नेमकं त्या दीड ग्रॅमवरच वीस मिनिटं घेतली.

आता ज्युनिअर्ससाठी. आम्ही स्टेरॉल काढले, पण मोजले नाहीत, कारण त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ हवा आणि आमचे पैसे आणि दिवस दोन्ही संपले होते. हा हिस्सा साधा समजू नका. १९४० च्या सुमारास शिकागोच्या ग्लिडन कंपनीत सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी शिरलं आणि तळाशी पांढरा गाळ बसला. दुसऱ्या कुणी तो फेकून दिला असता. तिथले संशोधक पर्सी ज्युलियन यांनी ओळखलं, की हे स्टेरॉल आहेत, आणि त्यातून पुढे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार केलं. ज्युलियन यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. ज्या काळात त्यांना अनेक ठिकाणी नोकरीची दारं बंद होती, त्या काळातली ही गोष्ट. शिवाय रोज दोनेक ग्रॅम वनस्पतिजन्य स्टेरॉल पोटात गेले तर वाईट कोलेस्टेरॉल आठ-दहा टक्क्यांनी उतरतं, हेही बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

आमचे पांढरे स्फटिक एका लहान बाटलीत आहेत, साधारण आठ ग्रॅम. लॅबमधल्या तिसऱ्या कपाटात, खालच्या फळीवर, फॉइलमध्ये गुंडाळलेली बाटली. वर तारीख आहे. किती शुद्ध आहेत ते आम्ही लेबलवर लिहिलेलं नाही, तिथे जागा मोकळी सोडली आहे. फनेल वापरायच्या आधी नीट धुवा, नळाला ग्रीस कमी लावा. कपाटाची किल्ली काकांकडे असते. चार वाजायच्या आत जा, नंतर ते देत नाहीत.